नाशिकमध्ये नवे आलात? चित्रकार, तांबट आणि विणकरांच्या दारापर्यंत जायचं कसं

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या माणसाला चांगली मिसळ कुठे मिळते हे पहिल्या आठवड्यातच दहा जण सांगतात आणि दहाही जण वेगवेगळ्या हॉटेलांची नावं घेतात. चित्रकार कुठे काम करतात, पुतळे कुठे घडतात, घागर अजून हाताने कोण ठोकतं, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. इथल्या बहुतेक स्टुडिओंवर पाटीच नसते. गंगापूर रोडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, सिडकोतल्या घराची गच्ची, नाहीतर गावाबाहेरची पत्र्याची शेड, असा सगळा कारभार. मोबाइलच्या नकाशावर ‘जवळचा स्टुडिओ’ शोधलात तर पासपोर्ट फोटो काढून देणारा सापडेल.

म्हणून माझा सल्ला असा, की स्टुडिओपासून सुरुवात करू नका. जिथे दार सगळ्यांना उघडं असतं तिथे आधी जा, दोन-चारदा दिसा, मग घरची दारं उघडतात. मी हे उलट्या क्रमाने करून पाहिलं आणि तोंडघशी पडलो. ते तांबट लेनच्या भागात येईलच.

पहिली पायरी : शालिमार

सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला उतरा आणि शालिमार चौकापर्यंत चालत जा. शहरात कुठूनही सिटीलिंकची बस या बाजूला येते. चारचाकी आणू नका. गाडी लावायला जागा शोधण्यात नाटकाचा पहिला अंक संपेल.

शालिमारजवळ महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर आहे आणि त्याला लागूनच महात्मा फुले कलादालन. चालत जाण्याच्या अंतरावर, टिळक पथावर, सार्वजनिक वाचनालय आहे. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. ही संस्था १८४० सालची. परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि औरंगाबादकर सभागृह ही दोन्ही तिचीच. शक्य झालं तर सभासद व्हा. पुस्तकं मिळतीलच, पण सूचनाफलक वाचायची सवय लागते, आणि शहरात काय चाललंय हे कळायला तो फलक पुरतो. बाकी ‘देशदूत’, ‘गावकरी’ किंवा मोठ्या दैनिकांच्या नाशिक पुरवणीत ‘आजचे कार्यक्रम’ असं बारीक टायपातलं सदर असतं. बातम्या सोडा, ते वाचा.

आता कलादालनाबद्दल. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाऊ नका. त्या दिवशी हार, शाल, श्रीफळ, भाषणं, आणि चित्रकार बिचारा पाहुण्यांना चहा मिळाला का ते बघत फिरत असतो. मधल्या वारी, मंगळवार-बुधवारी, दुपारी चारच्या सुमाराला जा. दालनात पंखा फिरत असतो, एखादं शाळकरी पोर आत-बाहेर करत असतं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ज्याची चित्रं आहेत तो माणूस एकटा बसलेला असतो. सकाळपासून त्याच्याशी धड कुणी बोललेलं नसतं. आधी सगळी चित्रं सावकाश पाहा, मग एकाच चित्राबद्दल एकच प्रश्न विचारा. ‘हा घाट कुठल्या बाजूने बघितलाय, गाडगे महाराज पुलाकडून का?’ एवढा पुरतो. पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही.

निघताना अभिप्रायाची वही असते. ‘खूप सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ लिहू नका, त्या वहीत दुसरं काहीच नसतं. कुठलं चित्र आवडलं आणि का, ते दोन ओळींत लिहा, खाली नाव आणि फोन नंबर. कलाकार ही वही घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचतात. मला पहिलं ‘घरी या एकदा’ अशाच एका वहीमुळे मिळालं.

नाशिकला जलरंगाची जुनी ओढ आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट, जुने वाडे, बाजार जलरंगात आणले, आणि त्या वाटेने पुढे पुष्कळ जण गेले. थंडीत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान रामकुंड ते नारोशंकराच्या देवळापर्यंत एक फेरी मारा. पायरीवर बोर्ड घेऊन बसलेलं कुणीतरी दिसेलच. मागे उभे राहिलात तर चालतं, पण त्यांचा उजेड अडवू नका, आणि रंग ओला असताना बोलू नका. जलरंगात कागद वाळायच्या आत काम उरकावं लागतं. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून बाजूला ठेवला की समजा, आता बोलायला हरकत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गावातला माणूस ‘गंगेवर’ म्हणाला की गोदावरीचा घाट समजायचा.

दुसरी पायरी : हौशी रंगभूमी

मुंबई-पुण्याहून येणारं व्यावसायिक नाटक कालिदासला लागतं. तिकीट ऑनलाइन मिळतं आणि खिडकीवरही. ते पाहाच, पण कलाकारांची ओळख व्हावी म्हणून जायचं असेल तर हिवाळ्यात होणारी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी गाठा. ती सहसा साईखेडकरला असते. तिकीट नाममात्र, प्रेक्षक निम्मे एकमेकांचे नातेवाईक, आणि रंगमंचावर बँकेतला कॅशियर, शाळेतल्या बाई, एमआयडीसीतला फिटर. काही नाटकं फसतात. फसली तरी उठून जाऊ नका. पडदा पडल्यावर विंगेच्या दाराने आत जायला इथे कुणी अडवत नाही. नेपथ्य करणाऱ्याला भेटा. प्लायवूडचा वाडा रात्री दोनला टेम्पोत कसा भरायचा, हे ऐकण्यासारखं असतं.

गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक ही तिसरी जागा. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, नाशिकचे. १९८७ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, आणि २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन झाला. स्मारकातल्या विशाखा सभागृहात व्याख्यानं, कविसंमेलनं, गाण्याच्या बैठका चालूच असतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठान दर दोन वर्षांनी जनस्थान पुरस्कार देतं. जनस्थान हे नाशिकचंच जुनं नाव. कार्यक्रम बहुतेक फुकट असतात. पहिल्या दोन रांगा सोडून बसा, त्या ठरलेल्या माणसांच्या आहेत, जरी खुर्चीवर तसं लिहिलेलं नसलं तरी.

गाण्याची आवड असेल तर पंचवटीत इंद्रकुंडाजवळचं पंडित पलुस्कर सभागृह लक्षात ठेवा. विष्णू दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची शेवटची वर्षं नाशिकला काढली, पंचवटीत त्यांचा आश्रम होता.

तिसरी पायरी : फोन

ओळख झाली, नंबर मिळाला. आता थेट फोन करू नका, आधी मेसेज टाका. मी साधारण असा टाकतो :

‘नमस्कार सर. मागच्या आठवड्यात फुले कलादालनात भेटलो होतो, भद्रकालीच्या चित्राबद्दल बोललो होतो. तुमचं काम चालू असताना पाहायची इच्छा आहे. तुम्हाला सोयीची वेळ सांगा, अर्ध्या तासात निघेन. एकटाच येतो आहे.’

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. न विचारता चार मित्र घेऊन जाणाऱ्यांमुळेच पुष्कळ कलाकारांनी बोलावणं बंद केलंय. चित्रकार, शिल्पकार, गायक यांना ‘सर’, ‘मॅडम’ किंवा आडनावाला ‘जी’ चालतं. तांबट, कुंभार, विणकर यांच्याकडे मामा, काका, दादा, मावशी. तिथे ‘सर’ म्हणालात तर समोरचा तुम्हाला सरकारी खात्यातला समजून सावध होतो.

रविवार सकाळ टाळा, तेव्हा पाहुणे असतात. श्रावणात मूर्तिकाराकडे आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात चित्रकाराकडे जाऊ नका.

चौथी पायरी : स्टुडिओत

चप्पल बाहेर. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं उलटून पाहायची नाहीत. ती उलटी ठेवली आहेत म्हणजे दाखवायची नाहीत. अर्धवट चित्राबद्दल मत विचारल्याशिवाय देऊ नका. फोटो काढायचा तर विचारून, आणि अर्धवट कामाचा फोटो स्टेटसला टाकायचा तर पुन्हा विचारून.

तीन प्रश्न मी कधीच विचारत नाही. ‘याला किती वेळ लागला?’, ‘यावर घर चालतं का?’ आणि ‘माझं एक स्केच काढून द्याल का?’ तिसरा सगळ्यात वाईट. दाताच्या डॉक्टरकडे चहाला गेलो म्हणून आपण तोंड उघडून बसत नाही.

त्याऐवजी कागद कुठला वापरता, हे विचारा. कागदावरून गाडी घसरते ती महागाईवर जाते, मग एखाद्या वाळलेल्या रंगाच्या नळीवर, तिथून त्यांच्या शिक्षकांवर. शिक्षकांवर गाडी आली की चहा दुसऱ्यांदा येतो.

विकत घ्यायचं असेल तर किंमत सरळ विचारा, त्यात संकोचाचं काही नाही. परवडत नसेल तर ‘लहान आकारात काही आहे का?’ असं म्हणा. रविवार कारंजावर भाजीवालीशी करतो तशी घासाघीस करायची नाही. बहुतेकांकडे छोटी स्केचेस, प्रिंट किंवा पोस्टकार्डाएवढे जलरंग असतात. कागदावरचं चित्र गुंडाळून नेण्यापेक्षा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्या आणि पावसाळ्यात फ्रेम करायची घाई करू नका. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. चित्राच्या मागे सही, साल आणि माध्यम लिहून घ्या.

शिल्पकाराची शेड मात्र वेगळीच दुनिया. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा ओल्या फडक्यांत गुंडाळलेला बारा फुटी घोडा होता, आणि एक मुलगा पंपाने त्याच्यावर पाणी मारत होता. सार्वजनिक जागी राष्ट्रपुरुषाचा पुतळा बसवायचा तर त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती येईपर्यंत माती वाळू द्यायची नाही, वाळली की तडकते. म्हणून आठवडेच्या आठवडे फडकी भिजवत बसायचं. मान्यता मिळाली की साचा, मग मेणाचं काम, मग ब्राँझचं ओतकाम. ओतकामाच्या दिवशी बोलावणं आलं तर नशीब समजा. सुती कपडे आणि बंद बूट घालून जा आणि सांगतील तिथेच उभे राहा.

पाचवी पायरी : तांबट लेन

जुन्या नाशिकात भांडी बाजार, सराफ बाजार आणि तांबट लेन हा सगळा भाग पायीच फिरायचा आहे. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि चांदीकामासाठी नावाजलेलं. भांडी बाजारातला बराच माल आता मशीनवरचा असतो, पण हाताने मठारलेलं भांडं ओळखायला सोपं आहे. अंगावर ठोक्यांचे बारीक पैलू ओळीने दिसतात, ओळ कुठेतरी किंचित हलते. मशीनच्या ठशात ती हलत नाही. मठारण्याने नुसती नक्षी येत नाही, ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणून पातळ घागरसुद्धा पोचा न पडता टिकते.

आता माझी फजिती. नाशिकला आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी गळ्यात कॅमेरा अडकवून तांबट लेनमध्ये शिरलो. एका ओट्यावर एक मामा घागरीचा गळा ठोकत होते. मी नमस्कार न करता वाकून फोटो काढायला लागलो. त्यांनी हातोडा खाली ठेवला, घागर आडवी केली, तंबाखूची चंची काढली आणि शांतपणे बसून राहिले. पाच मिनिटं मी उभा, ते बसलेले. मग म्हणाले, ‘काढा ना. आता तर काहीच हलत नाही.’

मी निमूटपणे निघून आलो. महिन्याभराने गेलो तेव्हा घरातलं आजीचं जुनं पातेलं कल्हई करायला कुठे द्यावं, हे विचारत गेलो. काम घेऊन गेलात की तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता आणि गिऱ्हाइकाला ओट्यावर बसता येतं. बसल्यावर सगळं दिसतं : ऐरणी किती प्रकारच्या, पत्रा तापवून मऊ कसा करतात, जोड कुठे घेतात. काही बनवून घ्यायचं असेल तर दर वजनावर असतो, वर घडणावळ वेगळी. दोन्ही आधी विचारून घ्या. आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं असेल तर कल्हई हवीच. शोभेसाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

तिथून पुढे कुंभारवाड्यात जाता येतं. दिवाळीआधी पणत्या आणि त्याआधी गणपती. शाडूच्या मूर्तीचं काम बघायचं तर आषाढात जा, तेव्हा हात मोकळे असतात. डोळ्यांची आखणी मात्र शेवटच्या दिवसांत होते, आणि तेव्हा मूर्तिकार बायकोशीसुद्धा बोलत नाही.

पावसाळ्यात या भागात जायचं असेल तर आधी दुतोंड्या मारुतीची चौकशी करा. पूर किती आला हे नाशिककर घाटावरच्या या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेच्या वर गेलं असेल तर घाटावरचे आणि बाजारातले दुकानदार माल उचलण्यात गुंतलेले असतात, तुमच्याशी बोलणार नाहीत. सिंहस्थ जवळ आला की घाटाच्या परिसरात खोदकामं असतातच, त्यामुळे नेहमीचा रस्ता बंद दिसला तर बोळातून वाट विचारा.

सहावी पायरी : येवला

यासाठी पूर्ण दिवस काढा. नाशिकहून येवला साधारण ८० किलोमीटर, निफाडवरून. एसटी मिळते. स्टँडवर उतरताच ‘पैठणी बघायची का?’ विचारणारे भेटतील. दुकानं तिथे रांगेने आहेत, पण तुम्हाला माग पाहायचा आहे. तो घराघरांत असतो, येवल्यात आणि जवळच्या नागडे गावातही. दुकानदारालाच सांगितलंत की आधी माग बघायचाय, तर बरेच जण स्वतः घेऊन जातात.

माग खड्ड्यातला असतो, विणकर पाय खाली सोडून बसतो. काठ आणि अंग चालू असताना हात भराभर चालतो. खरं बघण्यासारखं काम पदराचं. मोर किंवा मुनिया (पोपट) विणताना प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी, आणि आडवा धागा त्या-त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जाऊन शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो. मागे सुटलेले किंवा कापलेले धागे दिसले तर ते जॅकार्डचं, म्हणजे यंत्राने नक्षी उठवलेलं काम. तेही विकलं जातं, त्यात गैर काही नाही, फक्त हातमागाच्या भावात घेऊ नका. भरगच्च पदर असेल तर एका साडीला महिने लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी घरातली मुलं कांड्या भरायला बसलेली दिसतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

विणकराच्या घरी गेलात आणि साडी घेणार नसाल तर ते दारातच सांगा. ‘आज फक्त बघायला आलोय’ म्हटलं तर कुणी हाकलत नाही, उलट साड्यांच्या घड्या मोडायचा त्रास वाचतो. मागावरच्या रेशमाला हात लावू नका, हाताचा घाम जरीला सोसत नाही. येवल्याला जायला संक्रांत टाळा किंवा मुद्दाम तीच निवडा. त्या दिवसांत सगळं गाव पतंगासाठी गच्चीवर असतं आणि माग बंद.

वाटेतल्या आणि आडवाटेच्या काही जागा

सिन्नरला गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. दगडात हात कसा चालतो हे तिथे जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्याख्यानात कळत नाही. पांडवलेणी तर शहराच्या वेशीवरच, २४ लेणी. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. फाळके जन्मले त्र्यंबकला, १८७० साली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं आणि १९४४ मध्ये नाशिकलाच गेले. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्यांची आवड नसलेला माणूसही तिथून सातवाहनांबद्दल बोलत बाहेर पडतो.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडचा बोहाडा मात्र ‘स्पॉट’ म्हणून पाहायला जाऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडाला गावागावांत रात्रभर देव-दैत्यांचे मुखवटे नाचतात, संबळ वाजत असतं. हा गावाचा देवाचा कार्यक्रम आहे. गावातल्या ओळखीच्या माणसाबरोबर जा, फ्लॅश बंद ठेवा, आणि मुखवटे करणाऱ्याला भेटायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याची झोप झाल्यावर.

वर्षाच्या तारखा डायरीत टाकून ठेवायच्या तर एवढ्या पुरे : दिवाळीत नेहरू चौकात पिंपळपारावरची पाडवा पहाट, तिथे पहाटे पाचच्या आत पोहोचा. २७ फेब्रुवारीच्या आसपासचा आठवडा. रंगपंचमीला जुन्या नाशिकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले दगडी हौद, तिथे मोबाइल घरी ठेवून जा, रहाडीत ढकलताना कुणी विचारत नाही. आणि मे महिनाभर संध्याकाळी गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला.

शेवटचं काम घरी करायचं आहे. ज्यांचे फोटो काढलेत त्यांना ते कागदावर छापून नेऊन द्या. मोबाइलवर पाठवतो म्हणणारे पुष्कळ येतात. तांबट लेनमधल्या त्या मामांना मी दिवाळीच्या आधी एक नेऊन दिला, त्यांचा हातोडा वर गेलेला असतानाचा. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘घागर बरी आलीय.’